परमिट रूमला सोसायटीची ना हरकत सक्तीची करावी का?

दादरचा कट्टेकरी:
मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितलं की सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल. घोषणा दुकानांची होती. माझं म्हणणं, परमिट रूमला (एफएल-३ परवान्याचा, बसून प्यायचा बार) तर ती आधी हवी. दुकानातून माणूस बाटली घेऊन निघून जातो, परमिट रूममध्ये तो रात्री दीडपर्यंत बसतो. खाली गाडी लावणं, जिन्यात सिगारेट, मागच्या गल्लीत एक्झॉस्ट, सगळं वरच्यांच्या वाट्याला.
आणि ना हरकत म्हणजे सेक्रेटरीने लेटरहेडवर दिलेलं पत्र नव्हे. विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव, इतिवृत्ताच्या प्रतीसह.

गाळा नंबर पाच:
ठराव म्हणजे काय ते आधी बघा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांचे नमुना नियम) गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन-तृतीयांश सदस्य किंवा २०, यांत जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ८० घरांच्या सोसायटीत २० जण जमले आणि ११ हात वर झाले की गाळेवाल्याचा निकाल लागला. त्या ११ हातांचा भाव काय होईल, हे मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको.
शिवाय एकदा दिलेली ना हरकत पुढे कुणाच्याच कामाची नाही. त्रास सुरू होतो परवाना मिळाल्यावर. मंजूर नकाशाबाहेर ओट्यावर टेबलं टाकली, पॅसेजमध्ये क्रेट रचले, तर ते उत्पादन शुल्काच्या निरीक्षकाने आणि पालिकेने बघायचं. तिथे ढिलाई आहे म्हणून दारातच नवा टोलनाका बसवायचा?
पूर्ण न होणारी अट ही मागच्या दाराने आणलेली बंदीच असते. डान्सबारच्या २०१६ च्या कायद्याखाली शाळा-देवळांपासून एक किलोमीटरचं अंतर मागितलं होतं. मुंबईत अशी जागा दाखवा! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अट उडवली ती याचसाठी.

कट्टेकरी:
डान्सबारची तुलना गैरलागू. तिथे अट सरकारची होती, इथे संमती शेजाऱ्याची आहे.

ध्वनीवाला:
दोघेही मूळ भांडणाला बगल देताय. बहुतेक तक्रारी दारूच्या नसतात, ढुमढुमीच्या असतात, आणि ती ढुमढुम मीटरवर दिसतच नाही.
ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ व्यापारी भागात मर्यादा ५५ डेसिबल, निवासी भागात ४५. मोजणी 'ए' मापाने. हे माप खालच्या सुरांना जवळजवळ बहिरं असतं: ६३ हर्ट्झला ते सुमारे २६ डेसिबल वजा करतं. म्हणजे सब-वूफरचा ८० डेसिबलचा ठोका मीटरवर ५४ दिसतो. व्यापारी मर्यादेत पास. वरच्या मजल्यावर मात्र पलंग हलतो.
कारण आवाज हवेतून जात नाही, स्लॅबमधून जातो. सब-वूफर थेट लादीवर ठेवलेला आणि स्पीकर स्लॅबला बोल्टने आवळलेले असले की फॉल्स सीलिंगमध्ये कितीही रॉकवूल (आवाज शोषणारी लोकर) भरा, उपयोग शून्य. स्पीकर रबरी हँगरवर टांगायचे, सबखाली निओप्रिनचे (कृत्रिम रबराचे) पॅड, अँपच्या आधी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र, आणि तो सीलबंद, नाहीतर साडेअकराला डीजे तो बायपास करतो. दाराला दुहेरी कप्पा करायचा, कारण दर वेळी दार उघडलं की गल्लीला अर्धं गाणं फुकट. हे परवान्याच्या अटीत लिहा, ना हरकतीपेक्षा जास्त गुण येईल.

गाळा नंबर पाच:
हे पटलं. आणि अनेक मालकांना हेही माहीत नसतं की परमिट रूमच्या परवान्यात ऑर्केस्ट्रा येत नाही. त्यासाठी १९६० च्या करमणूक नियमांखाली पोलिसांचे दोन वेगळे परवाने लागतात, एक जागेचा, एक कार्यक्रमाचा. रेकॉर्ड वाजवायची तर स्वामित्वहक्काचे पैसे निराळे.

लोअर परळची चिमणी:
आवाजावर एवढं बोललात, आगीवर कुणीच नाही? २९ डिसेंबर २०१७, कमला मिल, १४ बळी. गच्चीवर पेट घेणारं छप्पर आणि त्याखाली हुक्क्याचे निखारे. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र द्यायचं असतं, परवानाधारक संस्थेकडून. सोसायटीने ना हरकतीऐवजी दर सहामाहीला त्याची प्रत मागावी. न मिळाल्यास सरळ अग्निशमन दलाला लेखी पत्र.

माहीमचा खवट:
हसू येतं ते वेगळंच. 'परमिट रूम' हे नाव पडलं ते गिऱ्हाइकाच्या दारू पिण्याच्या परमिटावरून. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली एक दिवसाचं पाच रुपयांना, वर्षाचं शंभर, तहहयात हजार. टेबलावर ते कोण मागतं? पंचवीस वर्षं वयाची अट तरी कोण तपासतं? आहेत ते नियम धूळ खातायत आणि आपण नवा कागद जोडायला निघालोय.

कट्टेकरी:
बरं, ठरावाच्या गणपूर्तीचा मुद्दा मान्य. मग असं करा: पहिल्या परवान्याला ना हरकत नको, पण परवाना ३१ मार्चला संपतो, तेव्हा नूतनीकरणाआधी ३० दिवस दारावर मराठीत नोटीस आणि इमारतीतल्या कुणाचीही लेखी हरकत नोंदवून घेणं बंधनकारक.

गाळा नंबर पाच:
हरकत कशाच्या जोरावर? नुसतं 'त्रास होतो' चालणार नाही. तारीख, वेळ, ११२ वर केलेल्या तक्रारीचा क्रमांक, हे जोडलं तरच घ्यावी.

ध्वनीवाला:
आणि मोजणी वरच्या घरात, खिडकी बंद करून, खालचे सूर धरणाऱ्या 'सी' मापाने. फुटपाथवर उभं राहून 'ए' ने नाही.