३० हजारांत पहिला कॅमेरा: धनेश, रानफुले आणि शाळेचे स्नेहसंमेलन

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि परिसरातील पक्षी व पावसाळी रानफुले यांच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून करून घेते. आतापर्यंत सर्व छायाचित्रे मोबाइलवरच काढली. फुलांच्या बाबतीत त्यामुळे फारसे अडले नाही. परंतु उंबराच्या शेंड्यावर बसलेला धनेश मोबाइलवर काळ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही, आणि स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलांचे हात व चेहरे पुसट येतात. म्हणून कॅमेरा घेण्याचे ठरवले आहे. मेमरी कार्ड आणि पिशवी धरून खर्च ३०,००० रुपयांच्या पुढे न्यायचा नाही.

चौकशी केली, तर जितकी माणसे तितकी मते. एका दुकानदाराने मोठ्या झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा सुचवला. शेजारच्या काकांचे म्हणणे असे, की वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा. ऑनलाइन बाजारात तर ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम’ असे लिहिलेले कॅमेरे सात-आठ हजारांत दिसतात, ते इतके स्वस्त कसे हेही समजत नाही. मला शटर, अ‍ॅपर्चर वगैरेंची पुस्तकी माहिती आहे, सराव मात्र अजिबात नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंधारखोली

त्या सात-आठ हजारांच्या कॅमेऱ्यांचा विषय आधी संपवतो. त्यांतील बहुतेकांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आपल्या मोबाइलमधल्यापेक्षा सरस नसतो. ४८ मेगापिक्सेल हा आकडा छोट्या प्रतिमेला कृत्रिमरीत्या फुगवून गाठलेला असतो, आणि झूम ‘डिजिटल’ असतो, म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा करून दाखवलेला. हे काम मोबाइलवर फुकटात होते. तेव्हा तिकडे पाहूही नका.

आता आपल्या गरजांकडे येऊ. रानफुले मोबाइलवरच राहू द्यावीत असे मी म्हणेन. सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारखी इवलीशी फुले जवळून टिपण्यासाठी आजचे मोबाइल पुरेसे आहेत, आणि त्या कामासाठीची मॅक्रो लेन्स या रकमेत बसणारही नाही. उरलेल्या दोन गरजा मात्र परस्परविरोधी आहेत. धनेशासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी, आणि सभागृहासाठी भरपूर प्रकाश आत घेणारी, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवी. स्वस्तातली कोणतीही एक लेन्स ही दोन्ही कामे करत नाही, आणि म्हणूनच लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ३० हजारांत नवीन मिररलेस (आरसा नसलेला, नव्या धाटणीचा कॅमेरा) बसत नाही, त्यामुळे वापरलेला डीएसएलआर हाच मार्ग उरतो. शेजारच्या काकांचे ऐका.

मॉडेल कोणते, या प्रश्नावर लोक आठवडे घालवतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. कॅननचा ७००डी (२०१३) किंवा २००डी (२०१७), निकॉनचा डी५३०० (२०१३) किंवा डी३५०० (२०१८), यांपैकी कोणताही सुस्थितीत मिळाला तर आपले काम होईल. ७००डीचा सेन्सर १८ मेगापिक्सेलचा आणि बाकी तिघांचा २४चा आहे, परंतु शाळेच्या भिंतीवर लावायच्या छापील चित्रात तो फरक कोणाच्या नजरेत भरणार नाही. या चौघांत २००डी मला अधिक आवडतो, कारण मागच्या पडद्यावर पाहून छायाचित्र काढतानाही त्याचा फोकस चटकन लागतो. ७००डीमध्ये तसे करू गेल्यास फोकस रेंगाळतो, त्याला डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा लागतो. तरीही २००डीसाठी लांब पल्ल्याची लेन्स सोडून द्यावी लागत असेल, तर बेलाशक ७००डी घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून कॅननची ५५-२५० एसटीएम घ्यावी. याच नावाच्या जुन्या आवृत्त्याही बाजारात फिरत असतात, म्हणून ‘एसटीएम’ ही अक्षरे लेन्सवर पाहूनच पैसे द्यावेत. धनेशाचे छायाचित्र शेवटी ही लेन्स काढणार आहे.

भिंगरी

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. धागाकर्तीला छायाचित्रकार व्हायचे नसून पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत, आणि नोंदीसाठी चोच, शेपटी व पंखांवरच्या खुणा स्पष्ट दिसणे महत्त्वाचे. कॅननच्या २५० मिमी लेन्सचा पल्ला फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, हिशेबात ४०० मिमी भरतो. २०१५ साली आलेल्या निकॉनच्या पी९०० या कॅमेऱ्याचा पल्ला त्याच हिशेबात २००० मिमीपर्यंत जातो. खाडीच्या पलीकडच्या काठावर बसलेला समुद्री गरुड पी९००मध्ये ओळखता येतो. ४०० मिमीमध्ये तिथे काहीतरी बसले आहे एवढेच कळते. शिवाय लेन्स बदलण्याची भानगड नाही, आत धूळ जाण्याची भीती नाही, आणि आठवीतल्या मुलाच्या हातात दिला तरी तो निभावून नेतो. वापरलेला पी९०० आपल्या रकमेच्या आसपास मिळाला, तर जरूर पाहावा.

अंधारखोली

भिंगरी यांचा मुद्दा भर उन्हातल्या पक्ष्यांपुरता मान्य. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पी९००चा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमीचा आहे आणि ७००डीचा २२.३ × १४.९ मिमीचा, क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसरा पहिल्याच्या जवळजवळ बारापट भरतो. पूर्ण झूमवर पी९००चे अ‍ॅपर्चर एफ ६.५ इतके लहान होते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). सकाळी सातच्या सुमारास दाट झाडीत बसलेल्या पक्ष्यासाठी मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि एवढ्या लहान सेन्सरवर आयएसओ वाढवला की पिसांचा पोत जाऊन तिथे रंगाचे लेप दिसू लागतात. त्यात हा कॅमेरा ‘रॉ’ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती, देत नाही, त्यामुळे नंतर संगणकावर दुरुस्तीला फारसा वाव राहत नाही. आणि स्नेहसंमेलनाचा प्रश्न तर तो सोडवतच नाही.

पागोळी

मी रत्नागिरीची. कॅमेरा कोणता घ्यावा यावर वर पुरेसे लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते कोकणात वापरलेली लेन्स घेण्याविषयी. आपल्याकडच्या हवेत लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्याचे चार महिने कापडी पिशवीत घालून कपाटात बंद केलेल्या लेन्सच्या आतल्या काचांवर ती धरते, आणि बाहेरून लेन्स नव्यासारखी चकचकीत दिसत असल्यामुळे घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तपासणी अवघड नाही. लेन्स कॅमेऱ्यावरून काढावी, दोन्ही झाकणे काढावीत, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहावे. धुळीचे सुटे कण दिसले तर काळजीचे कारण नाही, थोडी धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते. परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले, तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत करावी. साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीच्या घरात जातो, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचा राहतो.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तपासताना अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र काढावे आणि ते पडद्यावर मोठे करून पाहावे. सेन्सरवरचा कचरा करड्या ठिपक्यांच्या रूपात दिसतो. शटर किती वेळा उघडले आहे, हेही विचारावे. या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण १ लाख उघडझापींचे धरले जाते. निकॉनमध्ये हा आकडा छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, कॅननच्या या मॉडेलांसाठी मात्र वेगळे सॉफ्टवेअर लागते. लग्नसमारंभाच्या व्यावसायिकाकडून आलेला कॅमेरा बहुधा भरपूर राबलेला असतो. हौशी माणसाने दोन सहली करून कपाटात ठेवलेला कॅमेरा त्यापेक्षा बरा, फक्त त्याची लेन्स वर सांगितल्याप्रमाणे दुप्पट काळजीने पाहावी. मूळ बिल मागावे आणि त्यावरील क्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. मुंबईला जाणे होणार असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची बरीच दुकाने आहेत. तिथे चार नग हाताळून पाहता येतात, जे घरपोच मागवून होत नाही.

घरी आणल्यावर कॅमेरा पिशवीत न ठेवता रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मापक टाकावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. अगदी कोरड्या हवेनेही रबर व वंगण बिघडते, म्हणून जेल ओतत सुटू नये. निळे जेल गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. त्या निळ्या रंगात कोबाल्टचे संयुग असते, हे विज्ञानाच्या बाईंना मी वेगळे सांगायला नको.

खाचखळगे

कोणी निकॉनकडे वळणार असेल, तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डी३५०० व डी५३०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुनी, स्वस्तात मिळणारी ‘एएफ ५० मिमी एफ १.८ डी’ ही लेन्स त्यांवर बसते खरी, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. मोटर लेन्समध्येच असलेली ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्स घ्यावी. दुसरे म्हणजे ७०-३०० मिमी एएफ-पी डीएक्स ही लेन्स दोन प्रकारांत आली आहे, एक कंपनरोधक ‘व्हीआर’सह आणि दुसरी त्याशिवाय. दोन्ही दिसायला सारख्या, अंगावर व्हीआरचे बटणही नाही, नावातली ती दोन अक्षरे हाच काय तो दिसणारा फरक. ३०० मिमीवर हातात धरून छायाचित्र काढणाऱ्या नवशिक्याने व्हीआर नसलेली लेन्स घेऊ नये. हीच एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही, आणि डी५३००ला तिच्यासाठी आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये हा घोळ नाही, एवढे मात्र निकॉन वापरत असूनही मान्य करतो.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ७००डी आणि ५५-२५० एसटीएम या जोडीकडे माझा कल झुकतो आहे. या महिन्याअखेरीस मुंबईला जाणार आहे, तेव्हा टॉर्च घेऊनच जाईन. दोन शंका उरल्या आहेत. डीएसएलआरची नवी मॉडेले आता जवळजवळ येतच नाहीत असे ऐकते. मग त्याच्या लेन्समध्ये पैसे गुंतवणे शहाणपणाचे आहे का? आणि स्नेहसंमेलनासाठी नेमके काय करावे? या दोन वस्तू घेतल्यावर हातात फार तर चार-पाच हजार उरतील.

अंधारखोली

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. डीएसएलआरचा जमाना सरतो आहे म्हणूनच आपल्याला हे सामान या किमतीत मिळते आहे. पुढे कधी कॅननचा मिररलेस घेतला, तर ‘ईएफ-ईओएस आर’ हे अडॅप्टर लावून याच लेन्स त्यावर फोकससह चालतात.

स्नेहसंमेलनाची तजवीज यंदा करू नका, पुढच्या वर्षी करा, आणि तीही कॅननच्या ५० मिमी एफ १.८ एसटीएम या लेन्सने. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ पर्यंतच उघडते, एफ १.८ ला त्याच्या साडेनऊपट प्रकाश आत येतो. जिथे किट लेन्सवर शटर १/३० सेकंदाला अडकून हात पुसट येतात, तिथे या लेन्सने त्याच आयएसओवर १/२५० गाठता येतो, आणि नाचणारे मूल गोठवायला तेवढा वेग बहुधा पुरतो. मात्र ७००डीवर तिचा पल्ला ८० मिमीसारखा पडतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक-दोन मुले छान भरतात, पण समूहनृत्य अख्खे मावत नाही. त्यासाठी मागे जाऊन उभे राहावे लागेल.

यंदा किट लेन्सवरच भागवायचे असेल, तर ती १८ मिमीच्या बाजूला ठेवावी, कारण तिथे अ‍ॅपर्चर एफ ३.५ पर्यंत उघडते, आणि झूम न करता रंगमंचाच्या अगदी पुढ्यात बसावे. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवायला कचरू नये. थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवावा, त्याचा प्रकाश काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही आणि पुढच्या रांगेतली डोकी तेवढी पांढरी होतात. रंगमंचावर ट्यूबलाइट किंवा साधे एलईडी असतील, तर आणखी एक गोष्ट दिसेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर वेगवान ठेवले की लागोपाठच्या चित्रांत एक उजळ, एक काळपट असा प्रकार होतो. भाषण किंवा बक्षीस समारंभाला १/१०० ठेवले की तो टळतो. नाचाला वेग हवाच, तिथे एकाच प्रसंगाची चार-पाच चित्रे भराभर काढून त्यांतले चांगले ठेवावे.

धनेशासाठी एक सूचना, कारण पहिल्याच दिवशी ती लागेल. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेला पक्षी कॅमेऱ्याच्या हिशेबात काळा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय) +१ वर नेऊन पाहावे, तरीही काळाच वाटला तर त्याहून थोडे पुढे न्यावे. २५० मिमीवर शटर १/४०० पेक्षा कमी होऊ देऊ नये, उडता टिपायचा असेल तर १/१००० च्या पुढे.

पागोळी

आणि बोरा बाजारात सकाळी दुकाने उघडतानाच जावे. दुपारनंतर गर्दी वाढली की दुकानदाराला कोणी टॉर्च मारत बसलेले आवडत नाही. रविवार मात्र टाळावा.