टपोऱ्या कळ्या आणि टपोरी पोरं

परवा सकाळी दादरच्या फूलबाजारात मोगरा घेत होतो. फुलवाली म्हणाली, "बघा काका, कळ्या कशा टपोऱ्या आहेत." पुडी घेऊन स्टेशनच्या जिन्यावर आलो, तर वाट अडवून उभ्या पोरांवर एक गृहस्थ डाफरत होते, "टपोरी कुठले! बाजूला व्हा." दहा मिनिटांत तोच शब्द दोनदा कानी आला. एकदा जीव सुखावला, एकदा कपाळाला आठी पडली. 'ट' मात्र दोन्हीकडे तोच.

अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त ट, ठ, ड, ढ यांना माधुर्य या काव्यगुणातून बाहेर काढलं आणि वीर-रौद्र रसांच्या ओज या गुणात, म्हणजे जोशात, बसवलं. संस्कृत काव्यापुरतं ठीक. पण आपल्या घरातलं बाळ गुटगुटीत असतं, इटुकलं-पिटुकलं असतं, दुडुदुडु धावतं. मग ट-ड कठोर की लाडिक? भाव ध्वनीतच असतो, की वापराने चिकटतो?

ध्वनीची बाजू घेणाऱ्याचं उत्तर : ध्वनीत काहीच नसतं असं नाही. १९२९ साली भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द दिले, दोन्हींचा अर्थ टेबल. मोठं टेबल कोणतं, तर बहुतेकांनी 'माल' म्हटलं. मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन आणि हबर्ड यांच्या २००१ सालच्या लेखातही टोकदार आकृतीला 'किकी' आणि गुबगुबीत आकृतीला 'बूबा' हेच नाव बहुतेकांना पटलं. शिवाय 'ई' म्हणताना ओठ हसल्यासारखे फाकतात. इटुकल्या-पिटुकल्यातला लाड 'ट'चा नसून 'इ'चा असावा.

पुन्हा मी : मिल-माल आणि किकी-बूबा लहान-मोठं, टोकदार-गोल इतकंच सांगतात, राग-लोभाचं नाही. आणि 'इ' हसरी म्हणावी तर किरकिर, पिरपिर, चिडचिड या तिघींचं काय करायचं? तिथे तर 'इ'च 'इ' आहे, आणि ऐकूनच डोकं उठतं. लगेच रिमझिम आठवते, तीही 'इ'चीच. मला वाटतं, ध्वनी फार तर इशारा करतो. बाकी काम शेजारपाजारचे शब्द करतात. 'टपोरी'त तर व्याकरणानेही वाटा वेगळ्या केल्यात. टपोरा दाणा, टपोरे मोती, टपोऱ्या कळ्या असं विशेषण नामाप्रमाणे बदलतं. मुंबईतला टपोरी मात्र एक असो वा दहा, टपोरीच राहतो.

शेजाराचा प्रयोग काल घरीच केला. सौ.ला म्हटलं, "नातू सकाळपासून नुसती दिरदिर करतोय." असा शब्द मी तरी कधी ऐकलेला नाही. तिने अर्थ विचारला नाही. म्हणाली, "भूक लागली असेल, खिमट दे त्याला."