काउंटरवर तुमच्या सामानावर कोण काय बोललं?

गेल्या आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. घराजवळच्या सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभी होते. ट्रॉलीत साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचं पीठ, रताळी, मोरधन (वरी तांदळाला आम्ही इंदूरकर मोरधनच म्हणतो, मुंबईची बहीण दर वेळी हसते) आणि डझनभर अंडी. अंडी धाकट्याची. तो जिमला जातो आणि त्याला एकादशी मान्य नाही.

काउंटरवरचा पोरगा एकेक वस्तू मशीनसमोर धरत होता. अंड्यांपाशी थांबला, साबुदाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आंटी, व्रत भी और अंडे भी? ये कौन-सी ग्यारस है?"

रांग हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण माझ्या मागे आमच्याच कॉलनीतल्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे दर एकादशीला विष्णुसहस्रनाम असतं, आणि प्रसादाची खिचडी बहुतेक वेळा मीच करून नेते. पोरगा ते वाक्य पाच मिनिटांत विसरला असेल. त्या बाई अजून विसरलेल्या नाहीत. काउंटरवाला काय बोलला यापेक्षा मागे कोण उभं होतं, तेच जास्त लागतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

तुमचे अनुभव सांगा. दुकानाचं नाव घालू नका, वर आपल्या वस्तीचं नाव पुरे. आणि कोणी काउंटरच्या पलीकडचं असेल तर अवश्य लिहा.

रामबाग

यात नवं काय आहे? आमच्या लहानपणी तर सगळी गल्लीच आमचा किराणा वाचायची. महिन्याचं सामान वडील सियागंजच्या घाऊक बाजारातून भरायचे, पण अधलंमधलं कोपऱ्यावरच्या सेठजींकडून, वहीवर. पुडी बांधता बांधता सेठजींचं सुरू: "बाबूसाहब, इस महीने शक्कर दुगुनी? मेहमान आए हैं?" वडील मिलमध्ये कारकून होते. त्यांना वाटायचं की सेठजी आपली चौकशी करतात. आईला वाटायचं की तो आपली ऐपत मोजतो.

माझा किस्सा १९७४चा. अकरावीत होतो आणि सिगारेट शिकलो होतो. सेठजींना म्हटलं, वहीत माचिस लिहा. त्यांनी हूं की चूं न करता लिहिलं. महिनाअखेरीला वडील हिशेब चुकवायला गेले, मी थैली धरून शेजारी उभा. सेठजींनी पानं उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी काळजीनं विचारलं, "बाबूसाहब, आपके यहां माचिस बहुत लग रही है। चूल्हा नया लिया क्या?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरचं लिहीत नाही.

सुदामा नगर

मी पुण्याची, लग्न होऊन २०११मध्ये इथे आले. पहिल्याच महिन्यात पातळ पोह्यांची दोन पाकिटं घेऊन काउंटरवर गेले. तिथली ताई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल. पाकीट हातात घेतलं आणि बाजूलाच ठेवून दिलं. "भाभीजी, ये मत ले जाओ। इसका पोहा नहीं बनेगा, लुगदी हो जाएगी।" मी म्हटलं, चिवडा करायचाय. तिला ते पटलेलं दिसलं नाही. नवी सून, हिला काय येतंय, असा चेहरा. मला आला राग. पुण्याच्या मुलीला पोहे शिकवता?

मग सासूबाईंनी एक दिवस सांगितलं, यांना सकाळी इंदुरी पोहे आवडतात. मी आपले कांदेपोहे केले. घरात सगळे मुकाट्यानं खात होते, आणि मुकाट्यानं खाणं म्हणजे काय ते नव्या सुनेला बरोबर कळतं. पुढच्या खेपेला त्या ताईच्याच काउंटरला उभी राहिले आणि विचारून टाकलं.

तिनं माझ्या मागच्या तीन माणसांना थांबवून सांगितलं. जाडे पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, मीठ-हळद आणि चिमूटभर साखर तिथेच लावायची. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप पाहिजेच. कांदा परतायचा नाही, तो वरून कच्चा. आणि पोहे आचेवर नव्हे, खाली पाणी उकळत ठेवून वाफेवर गरम राहू द्यायचे, मग दोन तास मऊ राहतात. वरून शेव आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला. "और भाभीजी, जीरावन डालने में कंजूसी मत करना।"

रांगेतला एक माणूस म्हणाला, अनारदाना राहिला. दुसरा म्हणाला, जलेबी कोण सांगणार? बिल व्हायला दहा मिनिटं लागली, पण कोणी कुरकुर केली नाही. हे इंदुरातच होऊ शकतं.

विजय नगर

थोडक्यात लिहितो. दोन किलो कांदे, टूथपेस्ट आणि एक छोटं पाकीट. पाकीट कसलं ते तुम्ही ओळखा. नेमका त्याचाच बारकोड लागेना. काउंटरवरच्या मुलीनं ते डोक्याच्या वर धरलं आणि लांबच्या मुलाला हाक मारली, "भिया, इसका रेट बताना!" भियानं पण तिकडूनच विचारलं, "कौन-सा वाला, तीन का कि दस का?"

त्या दुकानात मी परत कांदे घ्यायलासुद्धा गेलेलो नाही.

नाव-गाव नको

माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. दूध आलं नाही. जे जे म्हणून सांगतात ते सगळं केलं, शतावरी, मेथीचे लाडू, अळीव, डॉक्टरांची औषधं. नाही आलं. शेवटी डॉक्टरांनीच पावडरचं दूध लिहून दिलं.

पहिल्यांदा स्वतः डबा आणायला गेले, तेव्हा बाळंतपणाला दोन महिने झाले होते. काउंटरवर वयस्क बाई होती. डबा हातात घेतला आणि मशीनला लावेना. म्हणाली, "बेटा, डिब्बे का क्यों पिला रही हो? मां के दूध जैसा कुछ नहीं होता। आजकल की लड़कियां फिगर के चक्कर में..."

तिच्या हातातल्या डब्यावर हेच छापलेलं होतं. आईचं दूध सर्वोत्तम असं प्रत्येक डब्यावर लिहायला लागतं, १९९२चा कायदाच आहे तसा. तो कायदा चांगला आहे, कंपन्यांना आवर घालण्यासाठी आहे, हे मला माहीत आहे. मी फार्मसी शिकले आहे. पण रोज रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता डबा उघडताना मी ते वाचत होते. बाईंनी वाचून दाखवायची गरज नव्हती.

मी डबा तिथेच ठेवून बाहेर आले. पार्किंगमध्ये रडले. नवरा संध्याकाळी जाऊन घेऊन आला. नंतर सगळे डबे ऑनलाइन मागवले. मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि दाल-बाफले खाते, वर तूप मागून घेते.

त्या बाईच्या मनात वाईट नसेल, हे मला चार लोकांनी समजावून झालं आहे. पाचव्यानं समजावू नये ही विनंती.

लोकमान्य नगर

मी करसल्लागार, दोन मुलींचा बाप. बायको माहेरी गेली होती, म्हणून सॅनिटरी पॅड आणायला मी गेलो. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात, "अंकल, एक बार आंटी से फोन पे पूछ लो, ये विंग्स वाला है।" मी म्हटलं, बेटा, विंग्सवालाच सांगितलाय, एक्स्ट्रा लार्ज. ती ओशाळली. तेवढ्यात पिशवी भरणाऱ्या पोरानं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. त्याला म्हटलं, राहू दे, माझ्या मुलींचं सामान आहे, चोरीचा माल नाही.

घरी आल्यावर सवयीनं बिल तपासलं. जुलै २०१८पासून पॅडवर जीएसटी शून्य आहे, तसं बरोबर लावलं होतं. मुली म्हणाल्या, बाबा, तुम्ही आमच्या पॅडचंसुद्धा ऑडिट करता.

काउंटरच्या पलीकडून

मी तीन वर्षं काउंटरवर होते. आता दुसरीकडे अकाउंट्सला आहे. वरचं सगळं वाचलं. डब्यावालं वाचून थोडा वेळ गप्प बसले.

आधी आमचं सांगते. नऊ तास ड्यूटी, बसायला खुर्ची नाही. १ ते ५ तारखेला लोकांचे पगार झालेले असतात, तेव्हा पाणी प्यायलाही फुरसत नसते. पनीरच्या पाकिटाला फ्रिजचा ओलावा येतो, बारकोड सुरकुततो, मग तेरा आकडे हातानं मारायचे. आपल्याकडच्या बहुतेक मालाचे पहिले तीन ८९०, ते बोटांना पाठ होतात. भाजीवाल्या काट्यावरून स्टिकर लावून आणायचा असतो, दहातले दोन जण विसरतात, आणि परत पाठवलं की आम्हालाच ओरडतात. रात्री गल्ला मोजताना वीस रुपये कमी भरले तर ते आमचे.

बोलायचं काय ते शिकवलेलं असतं. नमस्ते. कॅरीबॅग लागेल का. मोबाइल नंबर सांगा. आज या बिस्किटांवर ऑफर आहे. हे शेवटचं म्हटलं नाही तर मागून सुपरवायझर खाकरतो. याच्यापलीकडे जे बोलतो ते आमचं स्वतःचं, आणि दुपारी तीन वाजता ते नाही बोललं तर उभ्या उभ्या झोप लागते. चारशे लोकांचं सामान हातातून जातं. सगळं दिसतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पथ्य सुरू झालं, कोण दोन महिन्यांपासून शेंगदाणा तेल सोडून सोयाबीन तेल नेतंय. हे बोलायचं नसतं. कुणी शिकवत नाही, चुकून शिकायचं.

एक आजी यायच्या. टोटल पाचशेच्या वर गेली की चेहरा बदलायचा, मग एखादी वस्तू हळूच बाजूला सारायच्या. मी पुढे पुढे त्यांच्या आधीच म्हणायला लागले, "माताजी, ये वाला पैकेट ठीक नहीं लग रहा, अगली बार लेना।" पाकीट चांगलंच असायचं. त्यांना कळायचं की नाही, मला माहीत नाही.

आणि माझी चूक. एक काका दर शनिवारी यायचे, नीटनेटके, शर्ट खोचलेला. एकदा त्यांच्या सामानात ओआरएस, नारळपाणी, मऊ बिस्किटं आणि डायपरचा मोठा पॅक. नवीन स्टॉक होता, लहान मुलांचे आणि मोठ्यांचे एकाच रॅकवर लावले होते, सकाळपासून दोघांनी चुकीचे उचलले होते. मी हसत म्हटलं, "अंकल, ये बच्चों वाला नहीं है, बड़ों का है। बदलवा दूं?" आवाज माझा मोठाच आहे. ते म्हणाले, "पता है।" बस, एवढंच. पैसे मोजून दिले.

पुढच्या शनिवारी ते बाजूच्या काउंटरच्या रांगेत होते. माझ्याकडे दोनच माणसं होती आणि तिकडे सात. ते सात जणांच्या मागे उभे राहिले.

एक मात्र लिहायचंय. गिऱ्हाईकपण कमी बोलत नाहीत. मी बीकॉम आहे कळल्यावर एक मराठी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अगं बाई, इतकी शिकलीस आणि हे करतेस?" त्यांच्या मागे माझ्या चुलत सासूबाई होत्या.

टिळक नगर

वरच्या मुलीला: नंबर मागण्यावरून मी तुमच्यापैकी कितीतरी जणींशी भांडले आहे. नंबर दिल्याशिवाय बिल अडवू नका, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावलं होतं, ते कात्रण पर्समध्ये घेऊन हिंडते. मागून सुपरवायझर खाकरतो, हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी कात्रण त्यालाच दाखवीन.

उषा नगर

बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा बंगलोरला. मी रविवारी सकाळी जातो. अर्धा लिटर दूध, ब्रेडचा लहान पुडा, पाव किलो तूरडाळ, दोन केळी. पहिल्या वर्षी काउंटरवरची मुलं दर वेळी म्हणायची, "अंकल, बड़ा पैक ले लो, सस्ता पड़ेगा।" बरोबरच होतं त्यांचं. मी हिशेब करून दाखवत असे की डाळीला कीड लागते. खरं कारण सांगायची जागा ती नव्हे.

हल्ली ब्रेडवर एकावर एक आहे. "अंकल, दूसरा फ्री है, उठा लाओ।" नको म्हटलं तरी पोरगा स्वतः पळत जाऊन आणतो, त्याच्यानं फुकटची वस्तू वाया गेलेली बघवत नाही. म्हणून घेतो आणि दुसरा पुडा आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला देतो.

मागच्या रविवारी वॉचमननं पुडा उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "बाबूजी, ब्राउन वाली पे स्कीम नहीं है क्या?"