जुनी बेसबॉल कार्डं लिलावात घ्यायचीत, बजेट महिना ३० डॉलर. सल्ला हवा

पेणकर_पिट्सबर्ग
मंडळी, आम्ही पिट्सबर्गला सहा वर्षं आहोत, क्रिकेट सोडून काही बघणार नाही म्हणायचो, पण लेक (वय १०) लिटल लीग (पोरांचं बेसबॉल) खेळायला लागला आणि आता घरात उठताबसता क्लेमेंटे, इथल्या टीमचा जुना दिग्गज. त्याला जुनी कार्डं जमवायचीत, नवी पाकिटं नकोत म्हणतो. मी स्वतः काडेपेटीचे छाप आणि नंतर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं जमवलेला माणूस, त्यामुळे नाही कसं म्हणू. ईबेवर बघितलं तर एकच कार्ड ३ डॉलरलाही आणि ९०० लाही! बजेट ३० डॉलर, ते बायकोने ठरवलंय म्हणजे फायनल. सुरुवात कुठून करू?

माधवी_एनजे
३० भरपूर आहेत हो. आधी एक ठरवा, नक्की काय जमवायचं, नाहीतर दोन महिन्यांत घरात नुसता पुठ्ठ्याचा ढीग होईल (माझा झालाय). तुम्ही पिट्सबर्गचे म्हणून सुचवते, १ सप्टेंबर १९७१ ला तुमच्या पायरेट्स टीमने फिलाडेल्फियाच्या फिलीजविरुद्ध नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिनो खेळाडू उतरवले होते, मेजर लीगमध्ये (बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) पहिल्यांदाच, आणि १०-७ ने जिंकले पण. स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टार्जेल, सँगियेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि पिचर (चेंडू टाकणारा) डॉक एलिस. नऊच कार्डं, त्यातली बरीचशी दोनचार डॉलरची. महाग म्हणजे क्लेमेंटे, त्याच्यासाठी दोन महिने थांबा. मी माझं २८ ला घेतलं, मधोमध घडी आहे, चेहऱ्यावर नाही एवढं बघून घेतलं.

आता भावाचं. ३ आणि ९०० मधला फरक कंडिशनचा. पीएसए, एसजीसी वगैरे कंपन्या कार्ड तपासून १ ते १० मध्ये नंबर देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात, त्या नंबरचे पैसे. तुम्हाला त्याची काहीएक गरज नाही. कोपरे गोल झालेली, फोटो एका बाजूला सरकलेली सुटी कार्डं घ्या. मागणारे किती मागतात ते बघूच नका, फिल्टरमध्ये सोल्ड लावा म्हणजे खरंच कितीला गेलं ते दिसतं.

बोली एकदाच, शेवटच्या दहा सेकंदांत, आणि तुमचा वरचा आकडाच टाका. साइट लागेल तेवढंच वर नेते, सगळे पैसे जात नाहीत. आदल्या दिवशीपासून पन्नास-पन्नास सेंट वाढवत बसणारे स्वतःच भाव चढवतात. आणि शिपिंग!! दीड डॉलरचं कार्ड न् पाच डॉलर टपाल असं होतं, त्यामुळे एकाच विक्रेत्याकडची चारपाच घेऊन एकत्र पाठवायला सांगा.

सुतळीबॉम्ब
घडी पडलेल्या पुठ्ठ्याला २८ डॉलर? टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाखाला गेलं. डॉलर बरं का. वर्षभर पैसे साठवा आणि एकच चांगलं ग्रेडेड (नंबर मिळालेलं) घ्या, किंमत तरी राहील.

माधवी_एनजे
@सुतळी, वर्षाला ३६० साठवून मँटल कधी येणार ते पोराला तुम्हीच सांगा 😄 त्याच १९५२ च्या सेटची न खपलेली खोकीच्या खोकी टॉप्सने १९६० मध्ये समुद्रात बुडवली, भाव त्यामुळेही आहे. मुलाला हातात धरायला कार्ड हवंय, डबी नकोय.

भांडुपचा_बंड्या
ताईंशी सहमत पण टॉप्सच्या १९७१ च्या कार्डांबाबत सावध राहा काका. त्या वर्षीची बॉर्डर काळी, कडा जरा घासली की पांढरं दिसतं, मग लोक काळ्या मार्करने रंगवतात. माझ्या गळ्यात असं एक मारलेलं, फोटोत चकाचक, हातात आल्यावर बघतो तर पुठ्ठ्याची जाडीसुद्धा काळी. खरं कार्ड आडवं धरलं की कड राखाडी-मळकट दिसते. त्यामुळे मागचा फोटो आणि कडेचा फोटो मागून घ्या, देत नसेल तर सोडून द्या. घासलेलं चालेल, रंगवलेलं नको. आणि कडा कापलेलं नाही ना ते पण बघा, साइज अडीच बाय साडेतीन इंच, त्याच वर्षीच्या साध्या कार्डावर ठेवलं की लगेच कळतं.

पेणकर_पिट्सबर्ग
वा, नऊचा प्लॅन लेकाला एकदम पसंत! एक शंका, स्टार्जेलचं एक कार्ड आहे, विक्रेता सही केलेलं म्हणतोय, ४० डॉलर. फोटोत सही दिसतेय खरी.

भांडुपचा_बंड्या
हात लावू नका!! १९७१ च्या खेळाडूंच्या कार्डांवर सही छापलेलीच आहे.

पेणकर_पिट्सबर्ग
वाचलो. अपडेट: डॉक एलिस २.७५ ला मिळाला, बोली शेवटून सातव्या सेकंदाला, लेक मागे उभा राहून काउंटडाउन करत होता. कॅश आणि ऑलिव्हर त्याच विक्रेत्याकडून, टपाल एकच. एका कार्डाच्या मागे कोणीतरी पेनाने बेरीज केलीय, तीही चुकलेली. पण स्टेनेट काही केल्या सापडत नाहीये, १९७१ टाकून तीन दिवस शोधतोय.

माधवी_एनजे
अहो तो जुलै ७१ मध्ये टीमात आला, त्याचं कार्ड १९७२ चं. रंगीबेरंगी सिनेमाच्या पोस्टरसारखी आहेत ती, बॉर्डर काळी नाही त्यामुळे मार्करची भीती पण नाही. माझ्याकडे दोन आहेत, एक पाठवते, व्यनि करा.