मोजणीत 1987 ची सामाईक भिंत शेजाऱ्यांच्या हद्दीत निघाली, पण ती त्यांच्या वडिलांच्या संमतीने बांधलेली. काय करावं?

नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवा आहे, जरा घाईने.

आमच्या आणि शेजारच्या घरामधली दगडी भिंत 1987 ची. साल पक्कं, कारण वरचा गिलावा ओला असताना बाबांनी ते खिळ्याने कोपऱ्यात कोरलंय, अजून वाचता येतं. मागच्या बाजूला आमच्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या या भिंतीलाच टेकलेल्या आहेत.

शेजारच्या दादांना घर नव्याने बांधायचंय, म्हणून त्यांनी हद्द कायम मोजणी करून घेतली. पुढच्या टोकाला खूण भिंतीला लागूनच आली, मागच्या टोकाला मात्र आमच्या अंगणात दीड फूट आत. भिंत पाडून जागा मोकळी करा, अशी वकिलामार्फत नोटीस आलीय. दादा समोर भेटले तर आजही नीट बोलतात.

आमचे वकील म्हणाले, 12 वर्षांच्या वर ताबा आहे, प्रतिकूल ताब्यावर लढू. मुदतीच्या कायद्याचं अनुच्छेद 65 दाखवलं. 2019 साली रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने असा ताबेदार स्वतःहूनही दावा लावू शकतो असं म्हटलंय, तेही सांगितलं. पण प्रतिकूल ताबा म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघड आणि अखंड ठेवलेला ताबा. परवानगीने मिळालेला ताबा नुसता वर्षं उलटली म्हणून प्रतिकूल होत नाही, एवढं मलाही समजलंय. माझं घोडं अडलंय ते इथेच.

कारण भिंतीची आखणी झाली त्या दिवशी दोरीचं दुसरं टोक शेजारच्या काकांनीच, म्हणजे दादांच्या वडिलांनीच, धरलं होतं. मी आठ वर्षांची होते, गवंड्याला पाणी आणून देत होते. मागे हद्दीवरच एक मोठं झाड होतं. "झाड नको तोडायला, घे माझ्या बाजूने," असं म्हणत काकांनीच दोरी आपल्याकडे ओढली. भिंत तिरकी गेली ती त्यामुळे. ते झाड कधीच पडलं, बाबा आणि काकाही गेले. काकू आहेत, त्यांना सगळं आठवतं. वकील म्हणतात, दोरीची गोष्ट काढूच नका. पण काकांच्या मर्जीविरुद्ध जागा बळकावली असं आम्ही कोर्टात लिहून द्यायचं आणि काकूंनी साक्षीला उभं राहून ते खोडायचं? मला ते जमणार नाही.

खरं ते सांगूनही भिंत वाचू शकते का? म्हणजे दोन्ही मालकांनी मिळून ठरवलेली आणि इतकी वर्षं पाळलेली हद्द, या मुद्द्यावर कोणाला कोर्टात यश आलंय का?

दुसरं, निमताना मोजणी, म्हणजे झालेल्या मोजणीवर हरकत घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागावी का? मोजणीदाराने रस्त्याकडच्या दगडापासून मापं घेतली. रस्ता रुंद झाला तेव्हा तो दगड उपटून परत बसवला होता, असं काकू सांगतात. अशी हरकत नुसत्या तोंडी माहितीवर टिकते का?

दादा तयार झाले तर तेवढी पट्टी मी विकतही घेईन, रीतसर नोंदणी करूनच. पुन्हा तोंडी काही नको. फक्त इतक्या लहान तुकड्याचं खरेदीखत होतं का, अनुभव असेल तर कळवा.

नोटिशीला उत्तर द्यायला दहा दिवस उरलेत. त्या उत्तरात काकांच्या संमतीचा उल्लेख करावा की नाही, एवढं तरी आधी सांगा.