बी विंग, सहावा मजला : लाल दिवा कशाचा?

गुरुवार, रात्री ११:४२

७०३ ज्युनिअर : (व्हिडिओ) हे बघा सगळ्यांनी. ६०४ च्या दारासमोर. पाचही दिवे पेटले. एडिट अजिबात नाही.

३०२ काकू : अगं बाई! हे कसलं यंत्र रे?

७०३ ज्युनिअर : के-टू मीटर, काकू. अमेरिकेत भूत शोधणारे हाच वापरतात. हिरवा म्हणजे काही नाही, लाल म्हणजे कोणीतरी आहे. दुपारी इथेच हिरवा होता. रात्री अकरानंतर लाल. काल पण, परवा पण.

३०२ काकू : ६०४ च्या आजींना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्ध व्यवस्थित व्हायला हवं. मी काही म्हणत नाही, आपलं आठवलं म्हणून सांगितलं.

४०१ : तरीच लिफ्ट सहाव्यावर आपोआप थांबते!

सेक्रेटरी : लिफ्ट थांबते कारण ६०१ ची मुलं सगळी बटणं दाबून पळतात. सीसीटीव्हीत आहे. झोपा आता.

शुक्रवार

६०२ : आमची ही माहेरी निघाली आहे. समितीने काहीतरी करावं.

२०१ : माझ्या ओळखीत एक गुरुजी आहेत. हवं तर विचारतो.

सेक्रेटरी : २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे लक्षात असू द्या. भुताच्या नावाने लोकांना घाबरवायचे प्रकार त्यात बसतात. ग्रुपवर जपून लिहा.

२०१ : साहेब, गुरुजी फक्त उदकशांत करतात.

सेक्रेटरी : मग ती तुमच्या घरी करा. पॅसेज कॉमन आहे.

५०१ ताई : मी मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते. हा मीटर चुंबकीय क्षेत्र दाखवतो. अशा क्षेत्राने माणसाला 'कोणीतरी शेजारी आहे' असं वाटतं, हा दावा कॅनडातल्या मायकेल पर्सिंगर यांचा. त्यासाठी त्यांनी डोक्याभोवती असं क्षेत्र तयार करणारं एक हेल्मेट वापरलं होतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लोकांनी २००५ मध्ये तोच प्रयोग करून पाहिला. क्षेत्र चालू आहे की बंद, हे ना बसणाऱ्याला माहीत, ना प्रयोग घेणाऱ्याला. चालू-बंदने काही फरकच पडला नाही. ज्यांच्या मनावर सूचनेचा परिणाम पटकन होतो त्यांनाच जास्त जाणवलं.

६०२ : ताई, हे हिला कोण सांगणार?

१०४ काका : नमस्कार मंडळी. मुलाची चेष्टा करू नका, मीटर खोटं बोलत नाहीये. बाळा, तीन प्रश्न. फोन कुठे होता? मीटर दाराच्या कुठल्या बाजूला लाल होतो? वर-खाली धरून बघितलास का?

७०३ ज्युनिअर : मित्राचा फोन लांबून शूट करत होता, माझा फ्लाइट मोडवर. डाव्या बाजूला, ६०३ कडच्या भिंतीला. वर डक्टकडे जास्त, खाली लादीजवळ हिरवा.

१०४ काका : शाब्बास. पुष्कळ वायरमन एवढं बघत नाहीत.

आता ऐका. त्या डबीत एक बारीक कॉइल आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र आलं की तिच्यात व्होल्टेज तयार होतं आणि दिवे लागतात. शेवटचा लाल दिवा २० मिलिगॉसच्या वर (मिलिगॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं माप). पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे ४०० मिलिगॉसच्या आसपास आहे, पण ते स्थिर, म्हणून मीटरला त्याचा पत्ताच नाही. मिक्सरजवळ धर, लाल होईल. वाजणाऱ्या मोबाइलजवळ धर, तरी होईल. मीटरला एवढंच कळतं की जवळपास बदलता करंट आहे किंवा रेडिओ लहरी आहेत. अमेरिकेत २००४ साली टीव्हीवर भूतशोधाचा जो गाजलेला कार्यक्रम सुरू झाला, त्यातले दोन मुख्य गडी पेशाने प्लंबर होते. एखादा वायरमन असता तर दुसऱ्या भागातच कार्यक्रम आटोपला असता.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. भिंतीतल्या पाइपात फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी शेजारी-शेजारी असतात. एकातून जेवढा करंट जातो तेवढाच दुसऱ्यातून परत येतो, त्यामुळे दोघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. हातभर अंतरावर लाल दिवा लागत नाही. लागतोय याचा अर्थ त्या पाइपातून दोन-चार अँपिअर एकटेच चाललेत, जोडीदार दुसरीकडे आहे. आणि ६०४ तर बंद, मेन स्विच मी स्वतः पाडला होता.

४०१ : म्हणजे भूतच की.

६०४ (मस्कत) : नमस्कार, उशिरा वाचलं. आईबद्दल जे लिहिलं गेलं त्यावर बोलत नाही. पण एक विचारायचं होतं. फ्लॅट बंद असून गेल्या महिन्याचं बिल १,८५० आलं आहे. त्याच्या आधीच्या महिन्यातही असंच. तक्रार करणार होतो.

१०४ काका : अहो, हे आधी सांगायचं! हल्लीचं विजेचं मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतं आणि जो जास्त असेल तो धरतं. चोरी पकडायला तशी सोय केलेली आहे. तुमच्या न्यूट्रलवरून दुसऱ्याचा करंट परत जात असेल तर तुम्ही मस्कतला बसून बिल भराल. ६०३, तुमचा बेडरूमचा एसी कधी लागतो?

६०३ : रात्री अकराला. का?

१०४ काका : नवीन बसवलाय?

६०३ : दोन महिने झाले. लावला की ईएलसीबी (करंट गळला की पडणारा सुरक्षा स्विच) पडायचा. त्याआधी आमचं एक कनेक्शन जळालं होतं, वायरमनने पॅसेजच्या बॉक्समधून दुसरं दिलं. मग म्हणाला ईएलसीबीच खराब आहे, एसी डायरेक्ट करून देतो. तेव्हापासून काही त्रास नाही.

१०४ काका : ईएलसीबी खराब नव्हता. गेलेला करंट त्याच वाटेने परत येत नाही म्हणून तो ओरडत होता. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडणारी वस्तू आहे ती, आणि तुमच्याकडे सगळाच्या सगळा करंट शेजाऱ्याच्या वायरने परत जात असणार. शिवाय ६०४ चा न्यूट्रल कोणी रिकामा समजून सोडवला तर त्या टोकावर २३० व्होल्ट येतील, आणि हात लावणाऱ्याला वाटेल फ्लॅट तर बंद आहे.

६०३ : मला यातलं काही माहीत नव्हतं.

३०२ काकू : एवढ्या क्षेत्राने कॅन्सर वगैरे होतो का हो? आमची बेडरूम बरोबर तीन मजले खाली आहे.

१०४ काका : नाही काकू. ५० हर्ट्झला सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २,००० मिलिगॉस आहे. आणि तीन मजले खाली काही पोचतही नाही.

रविवार, रात्री ११:५०

७०३ ज्युनिअर : झालं! काका, वायरमन दादा, सेक्रेटरी काका आणि मी. आधी ६०३ चा एसी बंद केला : हिरवा. चालू केला, कॉम्प्रेसर लागला : लाल. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. मग खाली मीटर रूममध्ये काकांनी टाँग टेस्टर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला. ६०४ ची फेज शून्य, न्यूट्रल ६.१ अँपिअर. 😳

सेक्रेटरी : ६०३ च्या एसीचा एमसीबी पाडून ठेवला आहे. उद्या सकाळी ११ ते १ बी विंगची लाइट बंद राहील. पॅसेज बॉक्समधला जोड काढून ६०३ ला स्वतःची वायर ओढायची आहे आणि ईएलसीबी परत बसवायचा आहे. खर्च ६०३ चा. ६०४ च्या जादा बिलाचं दोघांनी आपसात ठरवावं.

६०३ : मान्य. मस्कतवाल्या दादांना पर्सनलवर मेसेज केला आहे.

६०२ : हिला व्हिडिओ पाठवला. म्हणते, आता आलेच आहे तर दिवाळीपर्यंत माहेरीच राहते.

२०१ : मग गुरुजींना नाही म्हणू ना?

४०१ : लिफ्टचं काय?

सेक्रेटरी : ६०१ ची मुलं!!!

१०४ काका : बाळा, तो मीटर दोन दिवस माझ्याकडे राहू दे. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर एक जागा बघायची आहे.

३०२ काकू : सी विंग चौथा? अहो, तिथे माझी बहीण राहते!