मधलं नाव: हिरण्मयीपुढे काय?
ताई, अमेरिकेत जन्मलेल्या तुमच्या लेकीसाठी हिरण्मयी हे नाव सुंदरच आहे, पण मधलं नाव म्हणून पुढे तुम्ही म्हणताय तसं तेजस्विनी नका लावू, दोन्ही भरजरी नावं एकापाठोपाठ आली की लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं. माझं मत आजीच्या उमा नावाला, दोनच अक्षरं, अमेरिकेतल्या शाळेतही कोणी अडखळणार नाही. ईशा मात्र नको, हिरण्मयीईशा असं मोठ्याने म्हणून बघा, यी आणि ई एकमेकांत विरघळतात आणि ऐकणाऱ्याला भलतंच नाव कळतं. आडनावासकट हाक मारून बघाच, आणि इनिशियल्सपण लिहून बघा, नको तो शब्द तयार होत नाही ना 😄

बाकी तिकडे जन्म झालाय तर वडिलांचंच नाव मधे हवं असं काही नाही, तुम्हाला चॉइस आहे. इथे महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदांवर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं ठरलंय, म्हणजे मधली जागा आधीच फुल्ल. त्यामुळे इथल्यांनी हौस पहिल्या नावातच भागवायची, नाहीतर आहेच की आत्याबाईंनी बारशाला कानात सांगायचं नाव. तुमच्या सासूबाईंना तेजस्विनी फारच आवडलं असेल तर ते कानात सांगायला वापरा.